रुतलेली गाडी आणि जॅकचे शास्त्र

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा बहुतेक मित्रमैत्रिणींनी कविता दिल्या. दोघांनी प्रवासवर्णन दिले. मला कविता साधत नाही आणि प्रवास म्हणावा तर घर ते कॉलेज एवढाच. मात्र आमच्या घरी मालवाहू पिकअप गाडी आहे, आणि पावसाळ्यात ती शेताच्या वाटेवर रुतली की ती बाहेर काढणे हे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या कामातले एक साधे अवजार म्हणजे जॅक. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

शहरातील हौशी मंडळी मोठ्या गाड्या घेऊन मुद्दाम डोंगरात, वाळूत आणि चिखलात जातात. त्याला ते ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. आमच्या परभणी जिल्ह्यात त्यासाठी मुद्दाम कोठे जावे लागत नाही. डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागले की ऑफ-रोडिंग आपोआप सुरू होते. आमची जमीन काळी, खोल आणि भारी. ती अग्निजन्य बेसाल्ट खडक झिजून बनली आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. कापसाला ही माती मायेची. चाकाला मात्र वैरीण. पाऊस पडला की ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणू लागते.

एका दुपारची गोष्ट

सन २०२२ चा जुलै महिना होता. वडील, मी आणि माझा चुलत भाऊ डीएपीच्या पंचवीस गोण्या घेऊन शेतावर निघालो होतो. सकाळी सर येऊन गेली होती. पाणंदीच्या चढावर मागचे डावे चाक रुतले. वडिलांनी दोनतीनदा गाडी पुढेमागे केली, तसे चाक आणखी खाली गेले. मग आम्ही जॅक काढला. खालची माती मऊ म्हणून जॅकखाली एक चपटा दगड दिला, जॅक एक्सलला लावला आणि वडील दांडा मारू लागले. चाक वीतभर वर आले. भाऊ खाली वाकून चाकाखाली दगड सरकवू लागला. तेवढ्यात गाडी थोडीशी, फार तर हातभर, मागे सरली. दगड निसटला, जॅक आडवा झाला आणि चाक खाली आले.

भावाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करीत होता. रोज पहाटे पाच वाजता आमच्याच रस्त्यावर धावायला जाई. त्या दिवसानंतर त्याने तो नाद सोडला.

घरात कोणी कोणाला बोल लावला नाही. नशिबात होते, असे सर्वजण म्हणाले. मला ते पटले नाही. पुढे तालुक्याच्या गावी ज्या मिस्त्रींकडे आमची गाडी दुरुस्तीला जाते, त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पोरा, ह्यात नशिबाचं काही नाही. चार चुका आहेत. जॅक उचलायला असतो, धरायला नसतो. ही पहिली. बाकीच्या तीन तू शोध.” त्या चार चुका शोधता शोधता मला जे कळले, तेच येथे मांडतो.

जॅक आणि टामी

प्रथम नावाविषयी दोन शब्द, कारण आपले महाविद्यालय कला शाखेचे आहे. इंग्रजीत ‘जॅक’ हे सर्वसामान्य पोराचे, गड्याचे नाव. ज्या कामाला पूर्वी एखादा हरकाम्या पोर लागे, ते काम करणाऱ्या साधनालाही तेच नाव पडले. गॅरेजमध्ये जॅक फिरविण्याच्या दांड्याला आपण ‘टामी’ म्हणतो. तीही इंग्रजीतील ‘टॉमी’ ह्या नावाचीच मराठी कृपा. थोडक्यात, गाडी उचलताना दोन गडी आपल्या हाताशी असतात, एक जॅक व दुसरा टामी. गडी कितीही गुणी असला तरी काम सांगणाऱ्याला काम कळत नसेल तर नुकसान ठरलेले.

थोड्या बळाने मोठे ओझे कसे उचलले जाते?

सगळ्या जॅकांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ओझे थोडे वर जावे म्हणून हात पुष्कळ हलवावा लागतो. बळात जेवढी सूट मिळते, तेवढी अंतरात फेडावी लागते. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही.

स्क्रू जॅक घ्या. नव्या गाडीबरोबर कंपनी जो लहानसा घडीचा जॅक देते, तो ह्याच जातीचा. समजा टामीची लांबी ३० सें.मी. आहे. एक फेरा मारला की आपला हात सुमारे १८८ सें.मी. फिरतो आणि आट्यांचे अंतर अर्धा सें.मी. असेल तर स्क्रू तेवढाच सरकतो. म्हणजे हिशेबाने बळ पावणेचारशे पट व्हावे. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक घर्षणात जाते. पण गंमत अशी की, हेच घर्षण ओझे धरून ठेवते. हात काढला तरी स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही. जे घर्षण आपले श्रम खाते, तेच आपली राखण करते. मात्र घडीचा जॅक पूर्ण मिटलेला असताना सर्वांत जड चालतो, त्याचा पाया हाताच्या पंज्याएवढा असतो आणि तो कडक, सपाट रस्त्यावर पंक्चर काढण्यासाठी केलेला असतो. चिखलात त्याच्यावर विसंबणे म्हणजे छत्री घेऊन पुरात उतरणे.

दुसरा प्रकार तेलाच्या जॅकचा. बाटलीसारखा दिसतो म्हणून त्याला बॉटल जॅक म्हणतात. फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल ह्याने सतराव्या शतकात दाखवून दिले की, कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने १७९५ साली ह्या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन ह्याने हाती नेता येईल अशा तेलाच्या जॅकचे. ह्या जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या असतो आणि एक जाड. बारीक दट्ट्याचा व्यास १ सें.मी. आणि जाडाचा ३ सें.मी. असेल तर क्षेत्रफळ नऊपट होते आणि बळही नऊपट. त्यात दांड्याच्या तरफेने पंधरापट भर घातली की एकूण १३५ पट झाले. वीस किलोच्या जोराने हिशेबी २७०० किलो उचलतात. किंमत अर्थातच अंतराची. दांड्याचे टोक ४५ सें.मी. खाली आणले की गाडी जेमतेम तीन मिलिमीटर उचलली जाते. चाक १५ सें.मी. वर आणायला पंचेचाळीस वेळा दांडा मारावा लागतो.

तेलाच्या जॅकचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. एक, तो उभाच चालवावा. आडवा केला तर पंपात हवा शिरते आणि दांडा पोकळ चालतो. दुसरा अधिक गंभीर. त्याने उचललेले ओझे फक्त तेल आणि रबराची एक सील ह्यांच्या भरवशावर असते. सील झिजलेली असेल तर गाडी हळूहळू, आपल्या नकळत खाली येते.

उंच जॅक आणि फुग्याचा जॅक

तिसरा प्रकार आपल्याकडे कमी दिसतो, पण शेतावरच्या व रानातल्या वाटेवरच्या गाड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याला फार्म जॅक किंवा हाय-लिफ्ट जॅक म्हणतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड ह्या गावी १९०५ पासून तो बनू लागला. मुळात तो शेतकऱ्याचाच. गाडा उचलावा, कुंपणाचा खांब उपटावा, तार ताणावी, अशा कामांसाठी. सुमारे सव्वा मीटर लांबीची भोके पाडलेली पोलादी पट्टी, आणि तिच्यावर माकडासारखी चढणारी एक पकड. दांडा खाली दाबला की पकडीतील एक खिळा भार घेतो, दुसरा वरच्या भोकात बसतो. दांडा वर नेला की भार दुसऱ्यावर आणि पहिला वर सरकतो. माणूस नारळाच्या झाडावर हातपाय आळीपाळीने रोवून चढतो, त्यातलाच हा प्रकार.

ह्या जॅकचा मोठा गुण म्हणजे त्याची उंची. खाली वाकावे लागत नाही, चिखलात आडवे पडावे लागत नाही, आणि गाडी मीटरभर उचलता येते. साखळी जोडली तर त्याच्याने गाडी थोडी थोडी ओढताही येते. दोष तीन. पहिला, त्याला गाडीवर धरायला मजबूत जागा हवी. जाड पोलादी बंपर किंवा चेसिसला पक्की बसविलेली बाजूची नळी असेल तरच तो चालतो. पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या बंपरला लावला तर गाडी जागेवर राहते आणि बंपर वर येतो. दुसरा, उंच उचललेली गाडी एकाच पट्टीवर तोललेली असते, त्यामुळे ती बाजूला कलण्याची भीती फार. तिसरा दोष सर्वांत घातक. गाडी खाली उतरविताना दांड्यावर गाडीचा जोर उलटा येतो. हात सुटला तर दांडा वरखाली आपटत सुटतो आणि त्या मार्गात तोंड असेल तर जबडा फुटतो. म्हणून ह्या जॅकचा कळ-खटका बदलण्यापूर्वी दांडा पट्टीला लावून उभा करावा, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरावा, अंगठा दांडा आणि पट्टी ह्यांच्यामध्ये येऊ देऊ नये आणि डोके दांड्याच्या वाटेत कधीही ठेवू नये. जॅकवर भार पुरेसा नसेल तर तो पायरीपायरीने न उतरता धाडकन घसरतो, हेही लक्षात असावे.

चौथा प्रकार फुग्याचा. जाड कापडाची, रबराचे अस्तर दिलेली एक पिशवी गाडीखाली सारतात आणि नळीने सायलेन्सरचा धूर तिच्यात भरतात. ऐकताना पोरखेळ वाटतो. पण येथेही तोच पास्कल आहे. पिशवीचा व्यास ६० सें.मी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस सें.मी. भरते. प्रत्येक चौरस सें.मी. वर केवळ ७०० ग्रॅम दाब दिला तरी जवळजवळ दोन टन ओझे तोलले जाते. चिखलात आणि वाळूत ही पिशवी उत्तम, कारण तिचा पायाच रुंद असतो. पण आमच्याकडे बाभळीचे काटे आहेत, पऱ्हाट्यांची खुंटे आहेत आणि गाडीखाली सायलेन्सर तापलेला असतो. पिशवीच्या वर-खाली जाड गोणपाट किंवा रबराची चटई दिल्याशिवाय तिचा उपयोग करू नये. शिवाय गाडी चढउतारावर असेल तर पिशवीवरून ती बाजूला घरंगळू शकते.

कोणता जॅक घ्यावा?

दुकानात गेले की दुकानदार प्रथम विचारतो, “किती टनी देऊ?” हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नव्हे. आमची गाडी रिकामी सुमारे सतरा क्विंटलची. साडेबारा क्विंटल खत आणि माणसे धरून तीस क्विंटल, म्हणजे तीन टन. त्यातले दोन टन मागच्या एक्सलवर आणि म्हणून एका मागच्या चाकावर एक टन. आपण गाडी कधी सगळी उचलत नाही, एक कोपरा उचलतो. चिखलाची ओढ आणि गाडीचा कल ह्यांसाठी दुप्पट-तिप्पट धरले तरी तीन टनी जॅक पुरतो. पाच टनी घेतला तर निश्चिंती. त्याहून मोठा घेण्यात शहाणपण नाही, कारण मोठा जॅक जड असतो आणि मिटलेला असतानाही उंच असतो.

खरा प्रश्न उंचीचा. मी आमच्या गाडीच्या मागच्या एक्सलची नळी जमिनीपासून मोजली. टायरमध्ये हवा असताना २७ सें.मी. आणि टायर बसलेला असताना १८ सें.मी. भरली. आमचा जुना बॉटल जॅक मिटलेला २१ सें.मी. उंच होता. म्हणजे पंक्चर झाल्यावर, ज्या वेळी जॅक हवा नेमक्या त्याच वेळी, तो एक्सलखाली जाणारच नव्हता. वर्षानुवर्षे आम्ही तो घेऊन हिंडत होतो आणि दरवेळी माती उकरून वेळ मारून नेत होतो. जॅक घेण्यापूर्वी खिशात टेप घेऊन गाडीखाली वाकावे, हा माझा पहिला सल्ला.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी कोठे धरायची. बंपर किंवा चेसिस उचलली तर प्रथम फक्त सांगाडा वर येतो. पाटे सैल होतात, एक्सल लोंबतो आणि चाक चिखलातच राहते. पाट्यांची ही ढील संपेपर्यंत वीतभर किंवा त्याहून अधिक उचलावे लागते, तेव्हा कोठे चाक सुटते. एवढ्या उंचीवर गाडी डळमळते. उलट एक्सल उचलला तर पहिल्या इंचापासून चाक उचलले जाते. म्हणून जेथे जॅक जाऊ शकतो तेथे एक्सलच धरावा. उंच जॅक असेल तर चाकाच्या रिमला अडकविण्याचे दुहेरी आकड्याचे साधन मिळते, त्यानेही सरळ चाकच उचलता येते.

तेव्हा माझे मत असे. आमच्यासारख्या कामाच्या गाडीला बुटका, पण उचल जास्त असलेला तेलाचा जॅक मुख्य असावा. पोलादी बंपर असेल आणि चालविणारा शिकलेला असेल तर उंच जॅक जोडीला घ्यावा. वाळूच्या नदीपात्रात नेहमी जाणाऱ्याने फुग्याचा विचार करावा. कंपनीचा घडीचा जॅक डांबरी रस्त्यासाठी ठेवावा.

कर्णाचे पाय

महाभारतात कर्णाच्या रथाचे चाक रुतते आणि तो खाली उतरून हातांनी ते काढू पाहतो. आपण सगळे ह्या प्रसंगाकडे शापाच्या व धर्माच्या अंगाने पाहतो. ह्या कामात पडल्यापासून मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. ज्या मातीत चाक रुतले, त्याच मातीत कर्णाचे पाय होते. तो जितक्या जोराने चाक वर ओढणार, तितक्याच जोराने त्याचे पाय खाली जाणार. उचलणाऱ्याला पायाखाली काहीतरी भक्कम हवे. ते नसेल तर बाहूंत कितीही बळ असो, व्यर्थ.

जॅकचे तेच आहे. त्याचा पाया १० सें.मी. लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे १०० चौरस सें.मी. त्यावर एक टन भार आला की प्रत्येक चौरस सें.मी. वर दहा किलो झाले. ओली काळी माती हे सोसत नाही. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. आता माणसाचे पाहू. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर तळव्याचे दीडशे चौरस सें.मी. धरून त्याचा दाब चारशे ग्रॅम होतो. म्हणून माणूस त्या चिखलातून घोट्याइतका रुतत का होईना, पण चालत जातो. जॅकखाली ६० सें.मी. लांब आणि ६० सें.मी. रुंद फळी दिली तर क्षेत्रफळ ३६०० चौरस सें.मी. होते आणि दाब केवळ २८० ग्रॅम, माणसाच्या पावलाहूनही कमी! मात्र फळी जाड हवी, वाकणारी नको. एकावर एक आडव्याउभ्या खिळलेल्या दोन फळ्या उत्तम. आम्ही त्या दिवशी वापरलेला दगड वीतभर होता, खालून गोलसर होता आणि ओला होता. ही दुसरी चूक.

गाडी गिअरमध्ये होती, मग सरली कशी?

ह्या प्रश्नाने मला फार दिवस छळले. वडिलांनी पहिला गिअर टाकला होता, हे मी स्वतः पाहिले होते. हँडब्रेकची तार सैल होती हे खरे, पण गिअर तर होता. उत्तर मिस्त्रींनी गॅरेजमध्ये एक गाडी उचलून दाखविले. मागच्या दोन चाकांमध्ये डिफ्रन्शियल असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे, ह्यासाठी ती योजना. इंजिन थांबवून गिअर टाकला की दोन्ही चाके मिळून अडविली जातात. पण एक चाक अधांतरी असेल तर ते मोकळेपणी उलट फिरू शकते आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाक सुलट फिरायला मोकळे होते. मिस्त्रींनी एक चाक हाताने फिरविले, तर पलीकडचे उलट दिशेने फिरले! म्हणजे ज्या क्षणी आम्ही डावे चाक उचलले, त्याच क्षणी गिअरचा आधार नाहीसा झाला. चढावर गाडी केवळ सैल हँडब्रेकवर उभी होती. हँडब्रेक घट्ट असता तर उजवे चाक धरले गेले असते. आणि मागची दोन्ही चाके उचलली तर बहुतेक पिकअपचा हँडब्रेकही निरुपयोगी, कारण तो मागच्याच चाकांना लागतो.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचर लावल्याशिवाय टामीला हात लावू नये. आम्ही एकाही चाकाला दगड लावला नव्हता. ही तिसरी चूक.

कामाचा क्रम

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते क्रमाने सांगतो.

१. चाक फिरू लागले की ताबडतोब थांबावे. आणखी रेटले की खड्डा खोल होतो आणि एक्सल मातीवर टेकतो. सर्वांनी खाली उतरावे. माल उतरविता येत असेल तर उतरवावा. पंचवीस गोण्या उतरविण्याचा कंटाळा आम्हांला महाग पडला.

२. फावड्याने चाकापुढची व एक्सलखालची माती मोकळी करावी. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी निघते आणि जॅक लागतच नाही.

३. हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, आणि बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी.

४. फळी सपाट बसवून तिच्या मधोमध जॅक ठेवावा. तो सरळ उभा असावा. गाडी उचलताना तो कलू लागला तर लगेच खाली घेऊन पुन्हा लावावा. ‘एवढ्याने काही होत नाही’ हे वाक्य येथे उच्चारू नये.

५. एकाने जॅक मारावा, दुसऱ्याने दूर उभे राहून गाडी सरते का, फळी कलते का, एवढेच पाहावे. हात, पाय किंवा डोके गाडीखाली घालू नये.

६. चाक वर आले की खड्डा भरावा. दगड, मुरूम, तुराट्या, पऱ्हाट्या, जे असेल ते. पण लांब दांडीने किंवा फावड्याने सारावे, हाताने नव्हे. भरीव केलेली जागा चाकाच्या पुढे हातदोन हात लांब असावी, नाहीतर गाडी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात बसते.

७. गाडी सावकाश खाली घ्यावी. जॅक, फळी, दगड बाजूला काढावेत. सगळी माणसे, विशेषतः मागे उभी राहणारी, दूर गेल्यावरच गाडी हलवावी. काही जण जॅकवर उचललेली गाडी ढकलून बाजूच्या कोरड्या जागी पाडतात. हा प्रकार मी पाहिला आहे. तो कोणी करू नये.

८. चाक बदलणे किंवा गाडीखाली जाणे अटळ असेल, तर जॅकशेजारी लोखंडी स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये ‘घोडी’ म्हणतात, ती द्यावी. स्टँड नसेल तर रुंद, भक्कम लाकडी ठोकळे एकावर एक आडवेउभे रचावेत. जॅक उचलतो, धरतो ती घोडी.

घरी आल्यावर जॅक धुवावा. उंच जॅकच्या खिळ्यांत चिखल वाळला तर ते भोकात नीट बसत नाहीत आणि भार निसटतो. ते डिझेलने साफ करून हलके तेल द्यावे. तेलाच्या जॅकची गळती पाहावी. मृग लागण्यापूर्वी एकदा अंगणात गाडी उचलून पाहावी. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक प्रथमच उघडणाऱ्याची जी गत होते, तीच चिखलात जॅक प्रथमच काढणाऱ्याची होते.

शेवटी

राहिली चौथी चूक. भावाने हात चाकाखाली घातला, असे कोणी म्हणेल. पण त्याला तेथे हात घालायला मीच सांगितले होते. फावडे गाडीत होते. ते काढायला दहा पावले जावे लागले असते. मिस्त्रींना मी ही चूक सांगितली नाही. त्यांनीही विचारली नाही.

आता आमच्या गाडीत सीटमागे एक पेटी आहे. तिच्यात बुटका जॅक, चार पाचरी, दोन ठोकळे आणि लोखंडी घोडी असते. फळी वर हौद्यात बांधलेली असते. पेटी भावाने स्वतः बनविली आहे. तीन बोटांच्या पकडीने त्याने फळीला ठोकलेला प्रत्येक खिळा सरळ बसला आहे. गाडी रुतली की तो सर्वांना प्रथम दहा पावले मागे व्हायला सांगतो, आणि वडीलसुद्धा मुकाट्याने मागे होतात.

आपल्या महाविद्यालयात येणारी निम्मी मुले अशाच वाटांनी येतात. पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर, टेम्पो किंवा पिकअप आहे. माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर आपल्या गाडीतला जॅक एकदा काढून पाहावा, आणि त्याच्याबरोबर एक रुंद फळी आहे की नाही तेही पाहावे. नसेल तर पावसाआधी करून घ्यावी.